आहार समीकरणात घातला की शिक्षण का ‘गायब’ होतं

काही जण म्हणतात की आहार सांख्यिकी समीकरणात घेतल्यावर, म्हणजे सारखा आहार असलेल्यांची तुलना केल्यावर, शिक्षणाचा आतड्यातल्या जीवाणूंवरचा परिणाम उरत नाही, म्हणजे संबंधच नाही. हे पटण्यासारखं नाही. शिक्षणाचा परिणाम बऱ्याच अंशी आहारातूनच पोचत असेल, तर तो दुवा स्थिर धरताच वाटच बंद होते. दोन्ही गणितं द्यावीत, आहाराशिवाय आणि आहारासह. वय मात्र दोन्हीकडे हवंच. जुन्या पिढ्यांची शाळेची वर्षं मुळातच कमी. वस्तीची आर्थिक स्थिती आणि आतड्यातले जीवाणू यांवरच्या २०१६ च्या शिकागोच्या अभ्यासात माणसं होती ४४. एवढ्यात वस्ती, उत्पन्न, शिक्षण वेगळं काढणं फार अवघड.

आणि प्रत्येक नमुन्यासोबत मलाचा घट्टपणा नोंदवाच, ब्रिस्टल मापनावर १ (सर्वात घट्ट) ते ७ (पाण्यासारखा). घट्ट मलात जीवाणूंचे प्रकार जास्त सापडतात, आणि जास्त प्रकार हे सहसा चांगल्या आतड्याचं लक्षण मानतात. ही नोंद नसेल तर बद्धकोष्ठतेलाच निरोगी आतडं समजलं जातं.