गोल्डफिशसोबत सकर नकोच

बरेचदा सल्ला मिळतो की गोल्डफिशसोबत एक सकर (काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खाणारा मासा) सोडा, काच साफ राहते आणि तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. पहिलं थोडंफार खरंय, पण दुसरं अजिबात पटलं नाही. माझ्या ओरांडाच्या (गोल्डफिशचाच एक प्रकार) अंगावर दोन्ही बाजूंना पांढुरके, खवले गेल्यासारखे चट्टे यायला लागले, मी आधी फंगस समजून आठवडाभर मीठ आणि औषध करत बसले. मग एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठले आणि सहज टँकचा लाईट लावला तर सकर तिच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला आणि ती बिचारी तशीच त्याला घेऊन संथ फिरतीये. लहानपणी तो शेवाळ खातो, पण मोठा झाला आणि शेवाळ पुरेना की गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडायला लागतो, त्यात ओरांडासारखे गोलमटोल मासे हळू पोहतात, त्यांना पळताही येत नाही. सकरला वेगळ्या टँकमध्ये हलवल्यावर तीन आठवड्यांत चट्टे भरले.

आणि दुकानात दोन इंची दिसणारा हा मासा फूटभराच्या वर जातो हे कोणी सांगत नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी रात्री लाईट बंद करताना काकडीची चकती किंवा तळाला बसणारी गोळी टाका, पण खरा उपाय वेगळा टँकच. फक्त नदीत नका हो सोडू, आंध्रात हेच मासे मच्छिमारांची जाळी फाडतायत.