पोरं ऑनलाइन गुन्हे करतात, त्यात दोष कोणाचा?

चांदणवेल:
परवा माझ्या १५ वर्षांच्या भाच्याला एका गेमच्या सर्व्हरवरून कायमचं बॅन केलं. हरायला लागला की हा समोरच्याचं नेट पाडायचा. बूटर म्हणून साइट असतात, तिथे समोरच्याचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, टाकून बटण दाबलं की त्या पत्त्यावर फालतू ट्रॅफिकचा लोंढा जातो आणि त्याचं कनेक्शन झोपतं. हा डीडॉस हल्लाच, बऱ्याच देशांत सरळ गुन्हा. विचारलं तर म्हणे "मावशी सगळेच करतात गं, दहा मिनिटांत येतंच की नेट परत." चेहऱ्यावर भीती नाही, उलट जरा रुबाबच. मग माझ्या लक्षात आलं की हा रात्री कोणाशी बोलतो हे वर्षभर घरात कोणीच विचारलेलं नाही, आईबाप दमून येतात, मी महिन्यातून एकदा फोन करते, शाळेत तो कोणाच्या खिजगणतीत नाही, आणि तिकडे त्या सर्व्हरवर लोक त्याला "मानलं भाई" म्हणतात. मला वाटतं या वयात पैशापेक्षा ही वाहवाच पोरांना ओढते. आधी घर आणि शाळा बघा, मग पोलीस.

रोखठोक:
ताई, राग मानू नका पण हे पटलं नाही. एकटी पोरं ढिगाने आहेत, सगळी कुठे लोकांचं नेट पाडत बसतात? ब्रिटनमधला, लॅप्सस या हॅकर टोळीतला तो मुलगा बघा, जामिनावर होता, पोलिसांनी हॉटेलात ठेवलेला, लॅपटॉप काढून घेतलेला, तरी टीव्हीला लावायची फायर स्टिक आणि मोबाइल वापरून रॉकस्टार गेम्स या गेम कंपनीच्या सिस्टिममध्ये घुसला. त्याला काय वाहवा कमी पडली होती? परिणाम भोगावे लागत नाहीत हे पोरांना पक्कं कळलंय, म्हणून करतात.

वायरवाला:
त्याच केसमधलं अर्धंच सांगितलंत. त्या मुलाला तीव्र ऑटिझम होता, डॉक्टरांनी खटल्याला उभं राहण्याच्या स्थितीत नाही असं सांगितलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्याला तुरुंगात नाही तर बेमुदत हॉस्पिटलात पाठवलं. मी नेटवर्कमध्ये काम करतो, हल्ले रोज बघतो, म्हणून सांगतो की धाक वाटतो तेवढा चालत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये बूटरच्या हल्ल्यांचा अभ्यास मांडला, गाजलेल्या अटकांचा परिणाम दोनेक आठवडेच टिकला. उलट ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने बूटर शोधणाऱ्या पोरांना गूगलवर साधी जाहिरात दाखवली, की हे बेकायदेशीर आहे, तेव्हा तिथली हल्ल्यांची वाढ थांबली, बाकी ठिकाणी चालूच होती. म्हणजे बऱ्याच पोरांना हा गुन्हा आहे हेच कोणी नीट सांगितलेलं नसतं!! आणि मार्कस हचिन्स आठवतो का, २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस थांबवणारा? त्यानेच कमी वयात बँकांचे पासवर्ड चोरणारं क्रोनॉस नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. २०१९ मध्ये जजने आणखी तुरुंगवास दिला नाही. मला तो निकाल योग्य वाटतो.

मुलीची_आई:
सगळं वाचलं. माझ्या मुलीचा चेहरा तिच्याच वर्गातल्या मुलांनी नग्न फोटोवर चिकटवला. बनवणारा एक होता, फॉरवर्ड करणारे किती ते अजून कळलं नाही. शाळेत गेलो तर "मुलं आहेत, चेष्टा केली". आता फोन उलटा ठेवते ती, आणि व्हायब्रेट झाला की हात मांडीखाली घेते, थरथर दिसू नये म्हणून. तुम्ही सगळे त्या मुलाच्या एकटेपणाबद्दल बोलताय. असेल एकटा. माझी मुलगी आता एकटी आहे, त्याचं कारण कोण शोधणार?

रोखठोक:
हेच म्हणत होतो मी. चेष्टा म्हणणाऱ्या त्या शाळेलाही जाब विचारला पाहिजे.

वायरवाला:
शाळेबद्दल शंभर टक्के. मी हल्ल्यांचे आकडे बघतो, हात मांडीखाली घेणारं कोणी मला स्क्रीनवर दिसत नाही, आणि त्या पोरांनाही दिसत नाही. समोर चेहरा असता तर त्यातल्या निम्म्यांनी तरी बटण दाबलं नसतं. पण म्हणूनच म्हणतो, नुसतं डांबून हे दिसायला लागत नाही. नेदरलँड्समध्ये हॅक_राइट म्हणून कार्यक्रम आहे, पहिल्यांदा सापडलेल्या पोरांसाठी, त्यात झालेलं नुकसान समजून घ्यायला लावतात आणि तेच कौशल्य सरळ कामाला लावायला शिकवतात. तुमच्या केसमध्ये मात्र त्या मुलावर तक्रार व्हायलाच हवी, नेट पाडणं आणि हे एका मापात नाही बसत.

चांदणवेल:
मुलीची_आई, मी धागा काढला तेव्हा समोरच्या माणसाचा विचारच केला नव्हता, खरंच सांगते. भाच्यापुरतंच बघत होते. आज तो येतोय माझ्याकडे, तुमची हरकत नसेल तर तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवू का?

मुलीची_आई:
दाखवा. पण आधी विचारा, ज्यांचं नेट पाडलं त्यातल्या एकाचं तरी नाव माहीत आहे का त्याला.