मदत हवी आहे: घरातून बाहेर पडता येत नसताना मंडळीशी नाते कसे टिकवावे?

निजामपुरा_बडोदे:
नमस्कार. गेल्या चौदा महिन्यांत मी फक्त तीन वेळा मंडळीत (चर्चमध्ये) जाऊ शकले आहे आणि पुढचे वर्षही असेच जाणार, हे आता उघड आहे. त्या तिन्ही रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, नव्हते. रविवारची उपासना मी मोबाइलवर पाहते, परंतु तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, दारावर कोणी येते आणि शेवटचा आशीर्वाद मी ओट्यापाशी उभी राहून ऐकते. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा आले ते पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) आठवड्यात. भगिनी मंडळाच्या बायका सुरुवातीला शहाळी घेऊन येत, नंतर त्यांचे फोन येत, आणि आता रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर छापलेले एक वचन व्हॉट्सॲपवर येते. मी कोणाला दोष देत नाही. घरात शास्त्रवाचन आणि प्रार्थना नियमित होतात. मात्र मंडळीत कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, कोणासाठी प्रार्थना चालली आहे, हे मला महिन्या-दोन महिन्यांनी कळते आणि आपण तिथल्या नाहीच असे वाटू लागते. ज्यांनी असा काळ काढला आहे त्यांनी नेमके काय केले, ते कृपया लिहावे. ऑनलाइन उपासनांच्या लिंक देऊ नयेत आणि ‘धीर धरा’ असेही लिहू नये.

नगरकर_मूळचे:
ताई, सलाम. आपण बरेच लिहिले आहे, पण उत्तर देण्यासाठी जे लागते तेच राहून गेले आहे. आपण स्वतः आजारी आहात का? घरात आणखी कोण आहे? मंडळी कोणत्या पंथाची आणि उपासना कोणत्या भाषेत होते? कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) असेल तर मार्ग वेगळा, आमच्यासारखी मंडळी असेल तर वेगळा. निजामपुऱ्यापासून फतेहगंजमधली चर्च काही फार दूर नाहीत, तेव्हा अंतर ही अडचण नसावी असा माझा अंदाज आहे.

सेवानिवृत्त_६८:
बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे. म्हणजे बोलावण्याचे काम आजाऱ्याचे आहे आणि आपण वडिलांना बोलावले की नाही हे आपल्या लिहिण्यातून कळत नाही. मीही गुडघ्यांमुळे आठ महिने घरी बसून होतो. दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि आता दोन जिने चढून गायनमंडळात उभा राहतो. शस्त्रक्रियेला घाबरू नये. आधी वजन कमी करावे, त्यानंतर फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नये.

तंत्रस्नेही:
लिंक देत नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोबाइलऐवजी उपासना टीव्हीवर लावा, समोर खुर्च्या मांडा आणि नेहमीसारखे तयार होऊन बसा; बराच फरक पडतो. दुसरे असे की, उपासना नुसती पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा गटाने कॉलवर प्रार्थना करावी. व्हॉट्सॲपच्या कॉलवर बत्तीस जण येऊ शकतात. झूमची मोफत सभा चाळीस मिनिटांनी बंद पडते, आणि माझ्या अनुभवाने प्रार्थनासभेसाठी ते वरदानच आहे, कारण काही भावांची प्रार्थना एरवी संपत नाही.

निजामपुरा_बडोदे:
चूक माझीच आहे. चौदा महिने हेच आयुष्य असल्यामुळे ते सगळ्यांना ठाऊकच आहे असे मी गृहीत धरले. मी आजारी नाही आणि माझे गुडघेही उत्तम आहेत. माझ्या यजमानांना पक्षाघात झाला आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. समोरच्याचे त्यांना बरेचसे कळते, पण बोलता येत नाही. आम्ही दोघेच असतो, मुलगी पुण्याला आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मदतनीस बाई सकाळी दोन तास येतात, रविवारी त्यांची सुट्टी असते. मंडळी प्रोटेस्टंट आहे आणि उपासना गुजरातीत होते. माझे माहेर अहमदनगरचे, त्यामुळे इथे येऊन गुजराती गीते शिकले. यजमान मात्र बडोद्याचेच, मराठी घरातले, आणि गायनमंडळात त्यांनी तीस वर्षे पेटी वाजवली आहे. त्यांना लोकांनी अशा अवस्थेत पाहावे, हे त्यांना आवडत नाही, असे मला वाटते. त्यामुळे मीही कोणाला फारसे बोलावलेले नाही.

वसईची_माहेरवाशीण:
ताई, आम्ही कॅथलिक, तेव्हा आमच्याकडची पद्धत सांगते. माझ्या सासूबाई चार वर्षे अंथरुणावर होत्या. आमच्या धर्मग्रामात काही प्रापंचिक माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी कम्युनियन (तुमचे प्रभुभोजन) नेण्याची परवानगी दिलेली असते, त्यामुळे फादर येण्याची वाट पाहावी लागत नाही. आमच्याकडे रविवारची मिस्सा (उपासना) संपली की तिथूनच एक शिक्षिका थेट घरी येत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर स्वतः येत. त्या बाईंच्या बरोबर मिस्सामधल्या चार बातम्याही येत, आणि खरे सांगायचे तर सासूबाई त्यांचीच जास्त वाट पाहत. आपल्या मंडळीत अशी सोय करता येणार नाही का?

जुना_ऑर्गन:
येणार नाही. आमच्या परंपरेत उपासनेत उरलेली भाकर डब्यात घालून पोहोचवण्याची पद्धत नाही. प्रभुभोजन ही मंडळीने एकत्र बसून घ्यायची गोष्ट आहे. ती टिफिनसारखी पाठवली तर तिचा अर्थच उरत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत, १२ एप्रिलला पुनरुत्थानदिन आला तेव्हा, पडद्यासमोर बिस्किट आणि सरबत घेऊन प्रभुभोजन करावे की नाही, यावर आमच्याकडे किती वाद झाला हे मला चांगले आठवते. मी तेव्हाही विरोधात होतो आणि आजही आहे.

वसईची_माहेरवाशीण:
दादा, टिफिन हा शब्द मला आवडला नाही. जस्टिन मार्टर या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन १५५ च्या सुमारास रोममधल्या रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे आणि जे हजर राहू शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक वाटा घेऊन जातात असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन गट तरी होते का? घरी राहिलेल्या माणसाला त्याच भाकरीतला तुकडा मिळतो, म्हणून तो त्याच पंक्तीतला ठरतो. मला यात अर्थ नाहीसा झालेला दिसत नाही.

जुना_ऑर्गन:
शब्द मागे घेतो. जस्टिनचा दाखला खरा आहे. तरी माझे म्हणणे पूर्ण करू द्यावे, कारण ते ताईंच्या उपयोगाचे आहे. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या घरच्या प्रभुभोजनाचा विधी आहे आणि त्याच्याबरोबर प्रभुभोजन घेणारी आणखी तीन, निदान दोन माणसे असावीत अशी सूचना त्यात आहे. म्हणजे पाळकाने एकट्याने येऊन विधी उरकायचा नाही, दोन-तीन माणसांची मंडळी बरोबर आणायची. आपल्या मंडळीचे प्रार्थनापुस्तक वेगळे असेल, पण ही मागणी आपण करू शकता. ‘पाळकसाहेब, भेटीला या’ असे म्हणू नका. ‘आमच्या घरी प्रभुभोजन करा आणि अमुक दोघांना बरोबर आणा’ असे म्हणा. भेट पुढे ढकलली जाते, विधीला तारीख द्यावी लागते.

विश्वामित्रीकाठ:
ताई, तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. पक्षाघातानंतर पुष्कळांना गिळायला त्रास होतो आणि पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. माझ्या वडिलांना द्राक्षारसाच्या एका घोटाने असा ठसका लागला की पाळकसाहेबांचे हात थरथरू लागले. नंतर स्पीच थेरपिस्टनी त्यांचे गिळणे तपासले आणि भाकरीचा अगदी लहान तुकडा भिजवून, वडिलांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून द्यायला सांगितले. प्रत्येक रुग्णाची पद्धत सारखी नसते, म्हणून आपण आपल्या थेरपिस्टना विचारूनच ठरवावे आणि ते पाळकसाहेबांना आधी कळवावे.

आणखी एक. यजमानांना बोलता येत नाही असे आपण लिहिले आहे. त्यांना गाता येते का, हे पाहिले आहे का? डाव्या बाजूच्या झटक्याने वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना पाठ असलेली गाणी, प्रार्थना आणि आकडे म्हणता येतात, कारण साधे बोलणे आणि तोंडपाठ गाणे यांचे मेंदूतले मार्ग पूर्णपणे एक नसतात. १९७३ पासून सुरांच्या आधाराने बोलणे शिकवण्याची एक उपचारपद्धतीही वापरात आहे. माझ्या वडिलांना ‘पाणी’ हा शब्द सुचत नसे, पण प्रभूची प्रार्थना शेवटपर्यंत म्हणत असत.

तंत्रस्नेही:
हे फारच उपयुक्त आहे. पेटीच्या साथीची ध्वनिमुद्रणे मिळतात, हवी असल्यास पाठवतो.

निजामपुरा_बडोदे:
काल रात्री मी जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसून एक जुने मराठी गीत हळू आवाजात सुरू केले. त्यांच्या आईच्या तोंडचे गीत आहे, आमच्या गुजराती उपासनेत ते कधी होत नाही. पहिले कडवे त्यांनी नुसते ऐकले. दुसऱ्या कडव्यात त्यांनी तीन शब्द म्हटले, स्पष्ट, सुरात. चौदा महिन्यांत मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. पुढे मलाच गाता आले नाही, म्हणून तिथेच थांबलो. उद्या थेरपिस्टना फोन करणार आहे.

सेवानिवृत्त_६८:
प्रभूची स्तुती असो. मी आधी प्रश्न नीट न वाचता लिहिले, त्याबद्दल क्षमा असावी. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटी प्रेषित पौल रोममध्ये पूर्ण दोन वर्षे स्वतःच्या भाड्याच्या घरात पहाऱ्यात होता आणि त्याच्याकडे येणाऱ्या सर्वांचे तो स्वागत करत असे. आपले घरही तसे व्हावे. दर गुरुवारी आपल्याकडेच घरगुती प्रार्थनासभा ठेवा, मंडळी आपोआप येईल.

नगरकर_मूळचे:
काका, मी इथे थोडा विरोध करतो. पौलाला उजव्या अंगाने लुळ्या माणसाचे कपडे बदलायचे नव्हते. दर गुरुवारी सभा म्हणजे दर गुरुवारी झाडलोट, चहा, खुर्च्या आणि तिसऱ्या मजल्यावर चढून दमलेल्या वीस माणसांना पाणी; हे सारे ताईंनाच करावे लागेल. घरी यायचेच असेल तर सहा माणसांनी, चाळीस मिनिटांसाठी यावे आणि चहा घेऊ नये. सोसायटीच्या चेअरमनना आधी सांगून ठेवावे, म्हणजे आवाजावरून आणि खाली लावलेल्या स्कूटरवरून कटकट होणार नाही.

माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. या धाग्यावर आपण सगळे मंडळी घरी कशी आणावी यावरच बोलत आहोत. ताईंचे पाय धड आहेत. त्या अडकल्या आहेत, कारण रविवारी साडेतीन तास यजमानांजवळ बसायला कोणी नाही. ताई, आपण मंडळीत कोणाला असे सरळ विचारले आहे का की, ‘मला उपासनेला यायचे आहे, तुम्ही आमच्या घरी बसाल का’?

निजामपुरा_बडोदे:
नाही. विचारलेले नाही.

कारणही लिहिते. त्यांचा डायपर बदलावा लागतो. भगिनी मंडळातल्या कोणाला मी हे सांगू शकत नाही, आणि त्यांनी तीस वर्षे ज्या बायकांना गीतांचे सूर दिले, त्यांच्यासमोर त्यांची ही स्थिती व्हावी, हे मला सहन होणार नाही.

नगरकर_मूळचे:
मग भगिनी मंडळाला विचारूच नका. पुरुष मंडळ कशासाठी आहे? नाताळात खुर्च्या लावण्याखेरीज आमच्याकडून कोणी काही मागत नाही, म्हणून आम्हीही देत नाही. गायनमंडळातले त्यांचे जुने सोबती असतील. असे चार जण मिळाले तर प्रत्येकाची महिन्यातून एकदाच पाळी येईल. पहिल्यांदा आपण घरी असताना त्यांना एक तास बोलवा, डायपर कसा बदलतात ते आपल्या मदतनीस बाईंकडून शिकून घेऊ द्या आणि मगच रविवार ठरवा. पाळकसाहेबांना बोलणे अवघड वाटत असेल तर त्यांना पत्र लिहा. व्यासपीठावरून जाहीर करू नये, असेही त्यात लिहा. मी हे माझ्या मेहुण्यासाठी दोन वर्षे केले आहे. पहिल्या वेळी हात चालत नाहीत, तिसऱ्या वेळी काही वाटत नाही.

वसईची_माहेरवाशीण:
हे बरोबर आहे. आणि ताई, मंडळीच्या प्रार्थनेच्या विनंत्यांची वही आपल्याकडे मागून घ्या. दर शनिवारी चार घरी फोन करून विचारपूस करायची आणि रविवारी यादी पाळकसाहेबांना द्यायची. आपल्याला बातम्या उशिरा कळतात म्हणालात ना, मग बातम्या आपल्याकडूनच पुढे जाऊ द्या. सासूबाईंना आम्ही हेच काम दिले होते आणि धर्मग्रामातले कोणाचे काय दुखते, हे फादरांच्या आधी त्यांना कळत असे.

जुना_ऑर्गन:
या बाबतीत मी वसईच्या ताईंशी पूर्ण सहमत आहे.

निजामपुरा_बडोदे:
यजमानांना मी आज विचारले. चार नावे एकेक करून घेतली आणि त्यांनी डाव्या हाताने ‘हो’ किंवा ‘नको’ खुणावायचे, असे ठरवले. दोघांना त्यांनी ‘नको’ म्हटले, आणि त्यांपैकी एकाला का, ते मला कळलेही. उरलेल्या दोघांना मी फोन केला. त्यांतल्या एकाने लगेच होकार दिला आणि म्हणाला की, आपण बोलवाल याची तो वर्षभर वाट पाहत होता. त्याला वाटत होते की आम्हाला एकांत हवा आहे. तो शनिवारी संध्याकाळी एक तास येईल. पत्र लिहून झाले आहे, प्रभुभोजनासाठी कोणाला बरोबर आणावे तेही त्यात लिहिले आहे. वहीबद्दल भगिनी मंडळाच्या सेक्रेटरींशी सोमवारी बोलेन.

आता एक मदत हवी आहे. शनिवारी येणाऱ्या गृहस्थाला मराठी गीते येत नाहीत आणि यजमानांना सध्या तीच आठवतात. इंग्रजी चालींवरची काही गीते मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत आहेत. चाल एकच असल्यामुळे ती दोघांना एकदमच आपापल्या शब्दांत म्हणता येतील. दोन्ही पुस्तके ज्यांच्याकडे आहेत त्यांनी अशा पाच-सहा गीतांचे दोन्हीकडचे क्रमांक शुक्रवारपर्यंत इथे लिहावेत.

जुना_ऑर्गन:
दोन्ही पुस्तके माझ्याकडे आहेत. उद्या सकाळी क्रमांक लिहितो, आणि पट्टी किती खाली घ्यावी तेही.