मदत हवी आहे: ट्रस्टमधून भावाला मिळणाऱ्या पैशावर पतसंस्थेची जप्ती येऊ शकते का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. आजोबांनी हयातीतच नवी पेठेतल्या दोन गाळ्यांचा खासगी ट्रस्ट नोंदवला, विश्वस्त काका. भाड्यातून धाकट्या भावाला 'विश्वस्तांना योग्य वाटेल तेवढी' रक्कम द्यायची. शिवाय तो दिवाळखोर ठरला तर हक्क संपेल, असंही एक कलम. (नातू त्यांना पुरता ठाऊक होता!)

भावाने यंत्रमागांसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते थकलं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि आता वसुली अधिकाऱ्याचं पत्र थेट काकांना: भाडं आमच्याकडे भरा.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२ नुसार दिवाळखोरीत हक्क संपवणारी अट रद्दबातल, म्हणजे ट्रस्टमधल्या त्या कलमाचा उपयोग नाही. पण किती द्यायचं हे काका ठरवतात. दिल्याशिवाय ते पैसे भावाचे कसे? एकदा त्याच्या बँक खात्यात पडले की धोका आहे, एवढं कळतं.

मग काकांनी रोख न देता भावाच्या मुलीची फी, दवाखान्याचं बिल परस्पर भरलं तर चालेल? की भाऊ एकटाच लाभार्थी असल्याने तेही अंगाशी येईल? पत्राला उत्तर काय द्यावं? सोलापुरात ट्रस्टची प्रकरणं हाताळणारे कोणी वकील इथे असतील तर कृपया सांगा, काका रात्र रात्र झोपत नाहीत.