जुनं गाणं मीम होतं, तेव्हा मराठीत काय लिहायचं?

प्रश्न, नागपूरच्या सक्करदऱ्याहून

कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहून राहिलो आहे. जुनी पॉप आणि सिनेमातली गाणी मीममधून परत कशी येतात, हा विषय. पहिल्याच वाक्याला अडलो. 'गाण्याचं पुनरुज्जीवन झालं' लिहिलं, तर पडक्या देवळाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. 'नवसंजीवनी' बातम्यांत पार झिजून गेली. 'विडंबन' चालेल का? आणि मीम तो, ती की ते?

महालातून

विडंबन नको. विडंबनात घाट तोच ठेवून शब्द बदलतात. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले'मध्ये तेच केलं आणि मूळ कवितेची खोड पकडली. मीममध्ये बरोबर उलटं घडतं. शब्द तेच, चाल तीच, गाणाऱ्याचा आवाजही तोच. बदलतो तो प्रसंग.

उदाहरण देतो. 'गंमत जंमत' हा १९८७ चा सिनेमा. त्यातलं 'अश्विनी ये ना' किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलं. आमच्या घरच्या ग्रुपवर जेवायला यायला उशीर करणाऱ्या कुणालाही हाच तुकडा पाठवतात. येणारा मामा असो की भाचा, नाव अश्विनी असायची गरज उरलेली नाही. सिनेमातला प्रसंग कुणाला आठवत नाही आणि आठवायची गरजही पडत नाही.

असं कोण वागतं? म्हण. 'नाचता येईना, अंगण वाकडं' हे ऑफिसात कुणी म्हणतं तेव्हा तिथे नाच नसतो आणि अंगणही नसतं. शब्द घट्ट, प्रसंग मोकळा. म्हणून माझं सुचवणं असं, की अशा ठिकाणी 'त्या ओळीची म्हण झाली' असं लिहावं. मराठीत आपण गाणं म्हणतोच. 'एखादं गाणं म्हण ना' असं लहान मुलांना सांगतो. क्रियापद घरातलंच आहे.

इतवारीतून

भाऊ, इकडे पोट्टे सरळ 'ते गाणं पुन्हा चालून राहिलं' म्हणतात. एवढा विचार कोण करते?

महालातून

दादा, तुमचा शब्द चांगला आहे, फक्त त्याची जागा वेगळी. 'मेरा दिल ये पुकारे आजा' घ्या. १९५४ च्या 'नागिन'मधलं, लताबाईंचा आवाज, हेमंतकुमारांचं संगीत. २०२२ च्या शेवटी पाकिस्तानातल्या एका लग्नात एका मुलीने त्याच्या रीमिक्सवर नाच केला आणि तो नाच दोन्ही देशांत लोक करू लागले. तिथे ओळीचा अर्थ कुणी वापरत नव्हतं, हातांची ती हालचाल उचलत होतं. त्याला 'चालून राहिलं' हेच नेमकं. गाणं चालणं म्हणजे लोकांनी ते पुन्हा लावणं. ओळीची म्हण होणं म्हणजे लोकांनी त्या ओळीने बोलणं.

रामदासपेठेतून

काका, मला हे पटत नाही. म्हणीला कर्ता नसतो. गाण्याला गीतकार, संगीतकार, गायक असतात. म्हण म्हटलं की त्यांचं नाव पुसलं जाईल.

महालातून

ताई, काळजी योग्य आहे आणि लेखात ती नावं यायलाच हवीत. पण कर्ता माहीत असूनही ओळ म्हणीसारखी वापरायची सवय आपल्याला जुनी आहे. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' हे तुकोबांचं. वीज गेली, बस चुकली, की माणूस एवढंच म्हणून गप्प बसतो. 'चित्ती असो द्यावे समाधान' हा पुढचा चरण, ज्यात खरं सांगणं आहे, तो गळतो. गाण्याचंही असंच होतं. अख्खं गाणं परत येत नाही, रीलमध्ये मावेल एवढा तुकडा येतो. कडवी मागेच राहतात. मला या सगळ्यात टोचतं ते हे. म्हणून 'गाणं परत आलं' असंही सरसकट लिहू नये. मुखडा परत आला असेल, तर मुखडाच लिहावा.

धरमपेठेतून

मग रिकरोलचं काय? रिक ॲस्टलीचं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' १९८७ चंच. २००७ पासून लोक भलतीच लिंक सांगून हे गाणं उघडायला लावतात. १ एप्रिल २००८ ला यूट्यूबने स्वतःच पहिल्या पानावरच्या व्हिडिओंवरून सगळ्यांना तिथे नेलं. २०२१ मध्ये त्या व्हिडिओने १०० कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला. त्या ओळीने कुणी काही बोलत नाही!

महालातून

अगदी खरं, इथे म्हण बसत नाही. गाणं लागलं हीच चेष्टा. त्याला आपल्याकडे 'गंडवणं' आहे: 'मला रिकरोलने गंडवलं.' रिकरोल हे नाव तसंच राहू द्या, क्रियापद आपलं वापरा. दलेर मेहंदींचं १९९८ चं 'तुणक तुणक तुन' तर आणखी वेगळं. पडद्यावर चार चार दलेर एकत्र नाचतात, ते दृश्यच जगभर गेलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममधल्या एका जमातीचे पुरुष तोच नाच करतात. पंजाबी न कळणाऱ्यांनी ते उचललं, तेव्हा तिथे म्हणीचा प्रश्नच नाही.

इतवारीतून

काका, मंग आपली मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो पुतळा, कुठे बसते? 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी आम्ही लहानपणापासून ऐकतो. दरवर्षी लोक त्यात नवं घालतात. महागाई घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा. बडगेही, म्हणजे सोबत निघणारे पुरुषी पुतळे, त्या त्या सालच्या विषयाचे.

महालातून

वा! हे माझ्या ध्यानातच नव्हतं. इथे अर्धे शब्द पक्के आहेत आणि अर्धी जागा रिकामी. याला 'साचा' म्हणा. ज्या मीममध्ये मूळ ओळीतला एकच शब्द काढून आपला घालतात, तिथे 'साच्यात नवा शब्द बसवला' असं लिहिता येईल. १८८१ पासून निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता लिंग. 'ते मीम' लिहा, अनेकवचन 'मीम्स' रुळलं आहे, 'मीमं'ही बरोबर. 'मेमे' मात्र टाळा. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली घडवला, तोच 'जीन' (जनुक) या शब्दाशी जुळावा म्हणून. त्यामुळे उच्चार मीमच.

सक्करदऱ्याहून

पहिलं वाक्य असं केलं: 'काही जुनी गाणी पुन्हा चालतात, काहींच्या मुखड्याची म्हण होते.' एकच विचारतो, रीलवर गाणं 'टाकलं' की 'लावलं'?

महालातून

वाक्य ठेवा. रील टाकतात, रीलला गाणं लावतात.