दुखणं न सांगणारे
कुत्र्याने तुम्हाला काय शिकवलं, असं विचारलं की बहुतेक जण निष्ठा आणि निर्व्याज प्रेम असंच सांगतात. पटतंच. पण आमच्या मोतीने मला नीट बघायला शिकवलं. कुत्री दुखणं सहसा लपवतात. 11 वर्षांचा झाल्यावर मोती दिवाणावर उडी मारेनासा झाला, जिन्यापाशी थबकायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला, आळसावला. शेवटी एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांना संधिवात! किती महिने मुकाट सोसत होता, या विचाराने अजून गलबलतं.

पुढे आईने सकाळचं देवळात जाणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, 'कंटाळा येतो.' मग मी तिला जिना उतरताना पाहिलं, कठडा घट्ट धरून, एकेक पायरी. त्याच आठवड्यात तिचे गुडघे दाखवून आणले.