प्रतिसाद: नदी खोल केली म्हणजे काम संपलं का?

वर एकांनी म्हटलंय की मांजरा नदीचं खोलीकरण झालं की पाणीटंचाईचा प्रश्न मिटला, विहिरींच्या पातळीचं मोजमाप वगैरे सरकारने बघावं. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मुरूम ओलांडून कठीण खडकापर्यंत पात्र खणलं तर मुरणं वाढत नाही, उलट काठच्या विहिरींचं पाणी नदीत उतरायची भीती. म्हणून माथा ते पायथा हाच क्रम हवा: आधी डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर), मग शेतांची बांधबंदिस्ती, नाला शेवटी. जालन्याजवळच्या कडवंचीत पाणलोटाचं काम असंच वरून खाली आलं.

राहिलं मोजमाप. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. पण प्रत्येक शिवाराला ते कसं पुरणार? गावातल्या चार-पाच विहिरी निवडा. कठड्यावर रंगाची खूण करा आणि दर पंधरवड्याला तिथूनच पाण्यापर्यंत टेप सोडा, तेही भल्या पहाटे, कुणाची मोटर सुरू व्हायच्या आत. मोटर चालू असली की आकडा फसवा येतो. तो आकडा शाळेच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा लिहा. शेजारी पर्जन्यमापक असू द्या. हेक्टरभर रानावर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. ऑक्टोबरचा आकडा बघूनच ग्रामसभेत रब्बीचं आणि उसाचं ठरवा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. उसाचा विषय काढायला त्यानंतरही आपण का कचरतो?